हात मोकळे झाले की बघू

जगातल्या सगळ्या बँका उद्या एका दिवसात बुडाल्या तरी आमच्या वन्सं रोजच्यासारख्या उठतील, चहाचं आधण ठेवतील आणि म्हणतील, "मला वाटलंच होतं." वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्या मुलुंडमधल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि उरलेला सगळा जीव आमचं घर सांभाळण्यात घातला. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या, म्हणून मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की मला सासुरवास नाही. ते शब्द पहिल्याच आठवड्यात गिळावे लागले. घर वन्संचं, कारभार वन्संचा, आणि माझ्या ताब्यात फक्त माझ्या साड्यांचं कपाट. त्याचीही दुसरी किल्ली वन्संकडे होती.

त्यांचा पहिला नियम असा, की या घरात पैशाची गोष्ट उभ्याने करायची नाही. आधी बसायचं, पाणी प्यायचं, मग काय ते पहिल्यापासून सांगायचं. सगळं ऐकून झालं की वन्सं म्हणणार, "बघू." या 'बघू'ची मुदत ब्रह्मदेवालाही ठाऊक नसावी. वॉशिंग मशीनचं 'बघू' माझी मुलगी बालवाडीत असताना सुरू झालं आणि ती दहावीला बसली तेव्हा मशीन दारात आलं. एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक माणूस आला. वन्संनी त्याला बसवलं, पाणी दिलं. तो बिचारा आमचंच पाणी घटाघटा पिऊन आमचं पाणी कसं वाईट आहे ते सांगायला लागला. जरा वेळाने मी बाहेर येऊन बघते तर तो स्वतःच्या घरभाड्याचं रडगाणं गात होता, आणि वन्सं त्याला दर महिन्याला थोडेथोडे पैसे बाजूला कसे टाकावेत ते समजावत होत्या. यंत्र आल्या पावली परत गेलं. तो माणूस मात्र पुढे दिवाळीला फराळाला येऊ लागला, आणि आला की आपणहून बसायचा.

बाजारातही तेच. जाताना भाव विचारायचा आणि येताना घ्यायचं, मध्ये स्टेशनपर्यंत एक चक्कर मारायची. एवढ्यात मन बदललं नाही तर वस्तू खरंच हवी आहे असं समजायचं. हे कोथिंबिरीच्या जुडीलाही लागू. मार्केटमधली आमची नेहमीची भाजीवाली वन्सं लांबून दिसल्या की म्हणायची, "मावशी, या फिरून, ठेवलीय काढून." सेल या शब्दाचं तर वन्संना वावडंच. "स्वस्त देतोय म्हणजे त्याला ते घालवायचंय. त्याची अडचण आपण का घरी आणायची?" असं त्या एकदा माझ्या हातातल्या सेलच्या चादरीकडे बघत म्हणाल्या होत्या. ती चादर पहिल्याच धुण्यात रंग सोडून बसली आणि माझ्या नवऱ्याचे सगळे बनियन गुलाबी झाले, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पण या सगळ्यावरचा मुकुटमणी म्हणजे दोन माणसांचा नियम. महत्त्वाची कुठलीही गोष्ट एकट्याच्या हातात नको. गॅस एकाने बंद करायचा आणि दुसऱ्याने बघायचा. बँकेच्या लॉकरला तर दोघींनी मिळूनच जायचं, मग काहीही होवो. मुलीच्या लग्नाच्या आधी आमचं कशावरून तरी जोरदार वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. दागिने तर काढायलाच हवे होते. शेवटी एकाच रिक्षातून दोन टोकांना तोंडं करून गेलो. वन्सं रिक्षावाल्याला म्हणाल्या, "यांना सांगा, पर्स नीट धरा." मी म्हटलं, "यांना सांगा, मी काय कुक्कुलं बाळ नाही." त्या बिचाऱ्याने एक-दोन निरोप पोचवले आणि मग रिक्षा बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही दोघी आधी काय ते मिटवा ना, मग निघू." आम्ही दोघी एकदमच त्याच्यावर खेकसलो आणि तिथे आमचा अबोला संपला.

पुढे बँका मोबाइलमध्ये शिरल्या. आम्हाला वाटलं, आता वन्संचं राज्य संपलं. कसलं काय! बँकेत जाऊन वन्सं सगळ्या खात्यांना एकच नंबर देऊन आल्या, आणि तो नंबर घातला बटणं दाबायच्या एका जुन्या फोनमध्ये. हा फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या लोखंडी जाळीच्या कपाटात कुलूपबंद असतो. किल्ली वन्संच्या कमरेला. माझा नवरा आतल्या खोलीत त्याच्या मोठ्या मोबाइलवर हवे ते व्यवहार करू दे, पैसे हलायच्या आधी बँक जो नंबर पाठवते तो यायचा कपाटातल्या या फोनवर. मग नवऱ्याने स्वयंपाकघरात यायचं, कशासाठी ते सांगायचं, आणि वन्सं कुलूप काढून, चष्मा पुसून एकेक आकडा वाचणार. त्याने एकदा बूट मागवले. वन्संनी विचारलं, "जुन्यांना काय झालं?" त्याचं उत्तर देईपर्यंत नंबरची मुदत संपली. मी एक साडी मागवायला गेले तर मला त्या साडीचा रंग, पोत आणि नेसायचं निमित्त सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच ती नकोशी झाली. माझी मुलगी सासरहून आली की त्या कपाटाला नमस्कार करायची. आम्ही सगळे हसायचो. पण नवऱ्याचा फंड, ग्रॅच्युइटी, वन्संची आयुष्यभराची शिल्लक, सगळं त्या एका फोनच्या मागे होतं. आम्हा तिघांचं म्हातारपणच त्या कपाटात होतं म्हणा ना.

गेल्या मे महिन्यात गावाहून बसने फणस आला. इतका पिकलेला की त्याच्या वासाने खालच्या मजल्यावरचे शेजारी चौकशीला येऊन गेले. आज फोडला नाही तर उद्या फेकायचा, अशी त्याची अवस्था. दुपारी मी आणि वन्सं स्वयंपाकघरात जमिनीवर पेपर पसरून, हातांना खोबरेल चोपडून बसलो. नवरा आतल्या खोलीत कडी लावून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. जुन्या ऑफिसातलं कुणी असेल असं आम्हाला वाटलं. खरं काय चाललं होतं ते आम्हाला मागाहून कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. पडद्यावर पोलिसाची वर्दी घातलेला एक माणूस होता. तुमच्या नावावर मोठा गुन्हा आहे, खातं तपासायचंय, सगळे पैसे आम्ही सांगतो त्या खात्यात ठेवा, तपास झाला की परत मिळतील, आणि घरात कुणाला बोललात तर त्यांनाही आत टाकू, असं तो सकाळपासून सांगत होता. माझा नवरा तसा मुळीच बावळट नाही. पण पस्तीस वर्षं ऑफिसात वरून आलेला हुकूम पाळलेला माणूस. कुणी सरकारी भाषेत, कलम-बिलम लावून बोललं की तो मनातल्या मनात उठून उभा राहतो. त्या वर्दीसमोर बरं दिसावं म्हणून त्याने चक्क ऑफिसचा फुल शर्ट चढवला होता. खाली घरातला लेंगा तसाच.

कपाटातला फोन टुंग करून वाजला. वन्संनी मान वर केली नाही. नवरा बाहेर आला. मोबाइल छातीशी धरलेला, शर्ट घामाने भिजलेला.

"ताई, किल्ली दे."

"कशाला?"

"ऑफिसचं काम आहे."

"तू रिटायर झालास, बाळू."

"ताई, नंबर आलाय तो लगेच हवाय गं."

"हात चिकाचे आहेत माझे. हात मोकळे झाले की बघू. तू बस, पाणी पी."

"वेळ नाहीये!"

"मग तर बसच," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा गरा सोलायला घेतला.

नवरा माझ्याकडे वळला. "तू काढ ना किल्ली." आता खोटं कशाला बोलू, मी उठलेही होते. इतकी वर्षं त्या कपाटाने माझं डोकं फिरवलं होतं, आणि नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. पण वन्संनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, विनवणीच होती जवळजवळ. मी परत बसले. तेवढ्यात फोन दुसऱ्यांदा टुंग वाजला, आणि नवऱ्याच्या छातीशी धरलेल्या मोबाइलमधून आवाज आला, "क्या टाइमपास चल रहा है? नंबर बोलो जल्दी!"

वन्संचा हात थांबला. धाकट्या भावावर ओरडायचा हक्क या जगात फक्त आपल्याला आहे असं त्या धरून चालतात. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "धर तो फोन माझ्या तोंडासमोर." नवऱ्याने धरला. वर्दीवाल्याला समोर तेलाने माखलेले हात, कोयता आणि अर्धा फणस दिसला असणार.

"क्या भाऊ, इतना कायको चिल्लाता है? हमारे घर में फणस फोडा है. हाथ खाली हुआ के देखेंगे."

तो म्हणाला, सबको अरेस्ट करूंगा.

"करो ना. लेकिन तुम खडा कायको है? पहले बैठो, पानी पियो, फिर शुरू से बताओ."

त्यावर त्या माणसाने एक अशी शिवी हासडली की ती मी इथे लिहीत नाही. आणि त्या शिवीने माझा नवरा जागा झाला. "साहेब लोक असं बोलत नाहीत," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने फोन बंद केला आणि ऑफिसच्या शर्टासकट तिथेच फणसाच्या सालींत बसला. मग तो पाणी प्यायला आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळी आम्ही तिघं चौकीवर गेलो. तिथल्या खऱ्या इन्स्पेक्टरनी तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, "काका, नशीबवान आहात. गेलेले पैसे क्वचित परत येतात." एक रुपयाही हलला नव्हता. ते ऐकल्यावर चौकीच्या बाकावर मला रडूच फुटलं. इतकं हलकं मला मुलीचं लग्न पार पडल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

नवरा मात्र शरमेने मान वर करेना. जेवेना. दोन दिवस वन्सं त्याला काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी गऱ्यांची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसल्या, आणि मी दारात उभी असताना म्हणाल्या, "बाळू, अण्णांनी माझ्या लग्नासाठी पैसे ठेवले होते, आठवतं?" त्याला वडिलांचे ते पैसे आठवत नव्हते, तो तेव्हा शाळेत होता. "आमच्या ऑफिसातला एक माणूस होता. गोड बोलायचा. दुप्पट करून देतो म्हणाला, आजच सही हवी म्हणाला. मी जिन्यात उभ्या उभ्या सही केली. एकटीचीच सही लागत होती. दुसऱ्या महिन्यात तो गायब झाला. अण्णा मला कधी एक शब्द बोलले नाहीत." वाटी त्याच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "त्या दिवशी मला कुणी नुसतं बस, पाणी पी म्हणालं असतं ना, तरी पुरलं असतं. खा आता."

नवऱ्याने वाटी हातात घेतली आणि खाल्लं. मी दारातून आत वळले आणि उगीचच ओटा पुसत राहिले. ज्या नियमांवर मी इतकी वर्षं दातओठ खाल्ले, ते वन्संनी आमच्यासाठी केले होते असं मला वाटायचं. पण ते त्यांनी जिन्यात उभ्या असलेल्या त्या मुलीसाठी केले होते. तिला उशीर झाला होता, आम्हाला नाही.

या दिवाळीच्या सुमारास वन्संनी ती किल्ली कमरेची सोडून माझ्या हातात ठेवली. "परवा मी सहाला पाच वाचलं," म्हणाल्या, "आता तू बघ." मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा मी पेढे वाटेन. तसं काही झालं नाही. किल्ली कमरेला खोचली तर ती अजून कोमट होती.

काल मी पोळ्यांची कणीक मळत होते. वन्संना डोळ्यांचे थेंब मागवायचे होते. नवऱ्याचा मोबाइल घेऊन त्यांनी बाहेरच्या खोलीत काहीतरी खटाटोप केला, आणि कपाटात टुंग वाजलं. त्या काठी टेकत दारात आल्या. "अगं, तो नंबर सांग ना लवकर, मुदत संपेल."

मी वळून न बघता म्हटलं, "हात कणकेचे आहेत, वन्सं. हात मोकळे झाले की बघू. तुम्ही बसा, पाणी प्या."

मला वाटलं, रागावल्या. मग मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि तांब्यातून पाणी ओतल्याचा.