शनिवारचा घाणा

आमच्या वाचनालयामागच्या खोलीत वस्तुसंग्रहालय नुकतंच सुरू झालं होतं. मांडायला होतं काय, तर चौलच्या एका वाडीत सापडलेला तोफेचा गोळा आणि दोन वीरगळ. मीच ग्रंथपाल आणि मीच राखणदार. त्या दिवसांत एक म्हातारा शनिवार तेली बैलगाडीतून आपला लाकडी घाणा घेऊन आला. शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यू, तेल्यांना आमच्याकडे हेच नाव. त्याचं सगळं घर आता बोटीनं इस्राएलला निघालं होतं.

घाणा उतरवला तशी खोली खोबरेलाच्या वासानं भरून गेली. त्यानं धोतराच्या सोग्यानं लाकूड पुसलं, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, शनवारी याला इसावा असतो. तेवढा पाळा."

मला हसू आलं. "अहो बाबा, आता हा कायमचाच बंद. याला रोजच शनिवार."

तो शांतपणे म्हणाला, "बंद पडणं येगळं, भाऊ, नि इसावा येगळा."

रेवसची लाँच गाठायची म्हणून तो गाडीत चढला. मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून शुक्रवारी दिवेलागणीला, त्यांचा शनिवार लागतो तेव्हा, मी घाण्यावर धुतलेली चादर घालतो. शनिवारी चांदण्या दिसल्या की काढतो. आणि दर वेळी, क्षणभर का होईना, वाटतं, उद्या सकाळी हा फिरणार.