व्हरांड्यातली शेगडी

शाळेचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरातल्या जुन्या बरण्यांसारखे ते आपोआप साठत जातात, आणि एक काढायला गेलं की मागच्या चार खडखडतात. आमच्या मॅट्रिकच्या वर्गात आम्ही आठ मुली होतो. त्यातल्या चौघी लग्नानंतरही वर्ध्यातच राहिलो. एकीच्या घरी जमलो की चहा निवेपर्यंत किस्से चालतात. मोठमोठ्यानं हसतो, आणि हसून झालं की प्रत्येकीला आपापल्या पदराशी काहीतरी काम निघतं! सिंधूचे किस्से आम्ही शेवटी काढतो. ते सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

*

नववीत विषय निवडायचे होते. गणित किंवा गृहशास्त्र. आमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला कोणी नव्हतं. ज्या मुलीला गणित हवं तिनं रोज एक तास मुलांच्या हायस्कूलमध्ये जाऊन बसायचं, अशी सोय होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी सांगितलं, "घरी विचारून या."

कुसुमच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. ते तराजूतून मान वर न करता म्हणाले, "हिशेब तू दुकानात शिकते, सैपाक मायजवळ शिकते. मंग शाळेत काऊन जाते?"

माझ्या वडिलांनी एवढंच विचारलं, "कोणत्या विषयात नापास होणार नाहीस?" मी गृहशास्त्र म्हणाले. त्यांना हायसं वाटलं.

गणित फक्त सिंधूला हवं होतं. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आदल्या दसऱ्याला सगळं घर नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलं होतं. वडिलांनी तिला सांगितलं होतं, "तुले जे पाह्यजे ते घे. मले त्यातलं समजत नाई, पन तू घे."

मोठ्या बाई म्हणाल्या, "माझी ना नाही गं, पण मुलांच्या वर्गात एकटी मुलगी कशी पाठवू? सोबत आण."

सिंधू आमच्या सातही घरी जाऊन आली. कोणाच्या आईनं दारातच बोलणं संपवलं, कोणाच्या वडिलांनी ओसरीपर्यंत येऊ दिलं. सोबत काही मिळाली नाही. गृहशास्त्राच्या पहिल्या तासाला ती पाटावर बसली आणि म्हणाली,

"लोकं भूक लागली म्हून सैपाक करते. मी सोबत नाई म्हून करून राह्यली!"

*

इंग्रजीला एकच गाइड होतं, तेही कुसुमच्या चुलतभावाचं. आठवड्याला एकेकीच्या घरी जायचं. त्यातला 'माझे वडील' हा निबंध आम्ही तोंडपाठ केला. घटक चाचणीत नेमका तोच आला! आम्ही सगळ्या खूश.

इंग्रजीचे मास्तर म्हातारे होते, सारखे खोकायचे. दुसऱ्या दिवशी पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवून त्यांनी एकेक पेपर उचलला. "माझे वडील डॉक्टर आहेत. माझे वडील डॉक्टर आहेत. माझे वडील..." गठ्ठा ठेवला, खोकून घेतलं आणि म्हणाले,

"गावात एवढे डॉक्टर असताना माझा खोकला काऊन बरा होत नाही?"

वर्ग खो खो हसला. कुसुमचं तोंड मात्र लाल झालं. कारण मास्तरांकडे किराणा तिच्याच दुकानातून जायचा.

सिंधूनं तेवढं वेगळं लिहिलं होतं. माझे वडील जिनिंगमध्ये काम करतात, घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापूस असतो. वर्गात सगळ्यांत कमी मार्क तिला. तिचा बाप बरोबर होता, इंग्रजी चुकलं होतं.

*

आमच्यातल्या मालतीला पाहायला पाहुणे आले ते न कळवता, सकाळच्या गाडीनं. तिची आई आष्टीला माहेरी गेलेली. घरात मालती आणि तिचे वडील. वडील घाबरले. मालती नाही घाबरली, कारण आमची स्वयंपाकाची चाचणी नुकतीच झाली होती आणि तिला वर्गात पहिला नंबर मिळाला होता! तिनं पाहुण्यांना बसवलं आणि चाचणीत जे केलं होतं तेच केलं.

आता गृहशास्त्रात त्या महिन्यात 'आजाऱ्याचा आहार' चालू होता. पाहुण्यांसमोर आलं मुगाचं पातळ कढण, बिनतुपाचा मऊ भात आणि साबुदाण्याची पेज. तिखट नाही, फोडणी नाही.

मुलाच्या वडिलांनी दोन घास खाल्ले, वाटीत वाकून पाहिलं आणि म्हणाले,

"पोरी, आमी मुलगी पाह्यले आलो. दवाखान्यात नाई आलो!"

तरी लग्न ठरलं. पोटाला हलकं पडलं म्हणून असेल. मुहूर्त निघाला तो नेमका परीक्षेच्या आठवड्यात. सासरच्यांनी विचारलं, "मॅट्रिक पाह्यजेच का?" मालतीच्या वडिलांनी आमच्या देखत उत्तर दिलं, "छे हो, ते आपलं चांगलं स्थळ यावं म्हणून होतं."

हा किस्सा मालती स्वतःच सांगते. सगळ्यांत जास्त हसतेही तीच. त्या वेळी आम्ही चहाच्या कपात बघतो.

*

दहावी संपता संपता मोठ्या बाई वर्गावर आल्या. "कॉलेजला कोण कोण जाणार? हात वर करा."

मी हात वर केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या कुसुमनंही पाहिलं. तशी मी त्याच हातानं वेणीची पिन नीट केली! कुसुमनं माझ्या आधी कान खाजवून घेतला होता.

वर राहिला तो सिंधूचा एकटीचा हात. बाई म्हणाल्या, "बरं बरं. खाली घे, हात दुखेल."

"नाई दुखत, बाई."

मग त्यांनी सरळच सांगितलं. "हे बघ, सगळे विषय सुटले पाहिजेत. गृहशास्त्राचं प्रॅक्टिकलसुद्धा. त्यात गेलीस तर मॅट्रिक गेली, आणि मॅट्रिक गेली तर नागपूरचं कॉलेजही गेलं."

सिंधू म्हणाली, "मंग नाई जाऊ देत." आणि मगच हात खाली घेतला.

*

गृहशास्त्राच्या शांताबाई स्वभावानं फार मऊ. कधी कोणाला रागावल्या नाहीत. आमच्या शेगड्या वर्गात भिंतीकडेनं मांडलेल्या असायच्या, सिंधूची तेवढी व्हरांड्यात. कारण विचारलं तर धूर होतो म्हणून. धूर आमच्याही शेगड्यांचा होत होता.

पदार्थ झाला की शांताबाई आपला चमचा घेऊन एकेकीची ताटली चाखत जायच्या. सिंधूच्या ताटलीशी आल्या की चमचा पदरात जायचा. त्या वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "वा, रंग छान आलाय." मार्क मात्र त्यांनी तिला कधी कमी दिले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मॅट्रिकच्या वर्षी सहामाहीला शिरा होता. बाई वाकल्या. "वा! रवा खमंग भाजलायस. गोडीही अगदी बरोबर." मार्क लिहिले आणि गेल्या.

त्यांची पाठ वळल्यावर सिंधू हळूच म्हणाली, "साखर घातलीच नाई मी. मीठ घातलं हाये, मूठभर!"

आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. कुसुम तर हसता हसता भिंतीला टेकली. म्हणाली, "चल, खोटं सांगते!"

सिंधूनं ताटली पुढे केली. "खोटं वाटते त खाऊन पाह्य ना."

हसू तिथंच थांबलं. खरंखोटं करायला चमचाभरच खायचं होतं. कुसुमला एकदम शेगडी विझवायची आठवण झाली, मला भांडी घासायची. सिंधूनं ताटली तशीच धरून ठेवली होती, बराच वेळ. मग ती खाली ठेवून आपली शेगडी विझवायला गेली.

*

आणि मग बोर्डाचं प्रॅक्टिकल आलं. तपासायला नागपूरच्या एक बाई येणार होत्या. चिठ्ठ्या टाकून पदार्थ वाटले. मला थालीपीठ, कुसुमला भजी. सिंधूनं चिठ्ठी उघडली. शिरा!

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नागपूरच्या बाई चाखतील की शांताबाईंसारख्या बघतील, काही ठाऊक नव्हतं. आणि सिंधू काय करील, तेही नाही. कुसुमला राहवेना. पाण्याचं निमित्त काढून ती व्हरांड्यात गेली.

"सिंधू, साखर घालजो वं. कॉलेजचं पाह्य."

"काऊन? खानार हाये का कोनी?"

कुसुम परत आली आणि पहिलाच घाणा करपवून बसली.

नागपूरच्या बाई चांगल्या जाड्याजुड्या, चष्मेवाल्या होत्या. पहाटेच्या पॅसेंजरनं निघालेल्या, उन्हानं घामाघूम. माझं थालीपीठ खाऊन त्यांनी पाणी मागितलं, कुसुमची भजी खाऊन पुन्हा मागितलं. शांताबाई त्यांना एकेक ताटली दाखवत दारापर्यंत घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"इथं धूर फार आहे, बाई. हिचा शिरा आहे. रंग फार छान येतो हिचा, मी नेहमी बघते."

"शिरा का?" नागपूरच्या बाई त्यांना ओलांडून पुढे झाल्या. "मघापासून तिखटच खातेय. आण गं इकडे!"

त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. ताटली मांडीवर घेतली. आम्ही सगळ्या दाराशी गोळा झालो होतो. त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला. कुसुमनं माझा दंड धरला, त्याचा वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होता.

बाईंनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. ताटली अर्धी झाल्यावर त्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं. "अगंबाई, एकटीच खातेय मी! तुम्हीपण घ्या ना, शांताबाई. हात करा."

बोर्डाच्या बाई समोर चमचा धरून बसलेल्या. शांताबाईंनी आमच्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं. मग हात पुढे केला. तळहातावरचा शिरा त्यांनी तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवत राहिल्या.

"गोड आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या.

सिंधू शेगडीतले निखारे सारखे करत होती. मान वर न करता म्हणाली,

"सहामाहीलेबी तुमी हेच म्हनलं होतं, बाई."