व्हय म्हाराजा

गाडी शिकायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात घाटकोपरला मारुतीचं देऊळ दिसलं आणि सवयीने मी दोन्ही हात जोडले. स्टिअरिंगवरचे! टॅक्सी आपली आपण केळ्यांच्या हातगाडीवर गेली. शेजारी बसलेला बाबल, आमच्याच चाळीतला टॅक्सीवाला, ओरडला, "अरे मेल्या, स्टिअरिंग काय आता देवान धरूचा?" केळीवाल्याने सगळा चेंदामेंदा मलाच विकला. घरात शिकरण संपता संपेना.

हे शिकणं हौसेचं नव्हतं. संप फसला, गिरणीने मला परत घेतलं नाही आणि घर बायकोच्या पोळीभाजीच्या डब्यांवर आलं. विक्रोळीच्या एका कारखान्यात साहेबांच्या गाडीवर माणूस हवा होता. लायसन आण, घेतो, म्हणाले होते. ड्रायव्हिंग स्कूलची फी विचारली आणि दारातूनच परत फिरलो. मग बायकोनेच बाबलशी सौदा केला. दुपारी त्याला बांगड्याचं कालवण, आणि त्याच्या बदल्यात जेवणानंतर माझी शिकवणी. पेट्रोल वाचावं म्हणून निम्मं शिक्षण घरीच. पाटावर बसायचं, हातात परात, बाजूला लाटणं. "तुमचा गिअर द्या इकडे," ती म्हणायची, "पोळ्या लाटायच्यात." पोरं खिदळायची. मीही हसायचो. फक्त माशाची तुकडी बाबलच्या ताटात जायची आणि आमच्या भातावर नुसता रस्सा यायचा, तेव्हा हसू थांबायचं.

गावच्या रवळनाथाला रोज गाऱ्हाणं घालायचो. गावी देवळात एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. इथे मागणाराही मीच, साथीला कोणी नाही. देवापर्यंत पोचतंय की नाही, शंका यायला लागली होती.

परीक्षेच्या दिवशी शेजारी इन्स्पेक्टर आणि मागच्या सीटवर माझ्यानंतर परीक्षा द्यायचा एक म्हातारा. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, कळेना. ओठातल्या ओठात सुरू केलं, "बा देवा रवळनाथा, आज ही गाडी सरळ जाऊंदे, आडवो इलो तेका बाजूक कर रे म्हाराजा..." आणि मागून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" अंगावर काटा आला. क्लच सापडला. गाडी कशी गेली ते मला माहीत नाही, पण सरळ गेली.

मी पास झालो. म्हातारा नापास झाला. देवनारच्या कत्तलखान्यात बकऱ्यांचा टेम्पो नेण्यात त्याचा जन्म गेला होता. लायसन पुन्हा नवं करायला आला होता, पण आता नजर अधू झाली होती. "शेट माणूस शोधता," तो मला म्हणाला. "माझ्या जागेर येतंस?" मी हसलो. साहेबांची गाडी चालवणारा माणूस मी, बकरे कशाला वाहू? तसाच विक्रोळीला गेलो. गेटवरच कळलं, ती जागा मॅनेजरच्या मेव्हण्याला दिली. लायसन खिशात घेऊन त्याच कपड्यांत देवनारला गेलो. म्हाताऱ्याने टेम्पोची चावी माझ्या हातात ठेवली आणि बराच वेळ सोडली नाही.

ती चावी हा प्रसाद होता, असं मी आज मानतो. तेव्हा मानत नव्हतो. माळ घातलेल्या बापाचा मी मुलगा. रोज मुकी जनावरं मरणाच्या दारात सोडून यायचो आणि त्यावर पोरांचं दूध यायचं. वाटेत तोच मारुती लागायचा. हात स्टिअरिंगवरून निघत नसत. देवाशी अबोलाच धरला होता म्हणा ना.

एका संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. रश्श्यात तुकडी होती. मी ती बाजूला सारली आणि पुन्हा रडगाणं लावलं: मागितलं काय, दिलं काय! तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जन्मभर गाऱ्हाणं तुम्हीच घालताय. आता एकदा नुसतं व्हय म्हाराजा म्हणा. आणि आधी आंघोळ करा, बकऱ्यांचा वास येतोय."