घाईबाईचं पोटॅश

गल्लीत तिला सगळे घाईबाई म्हणत. चहा उकळायच्या आत गाळायचा, निरोप अर्धा ऐकूनच निघायचं, असा तिचा खाक्या. खरबुजाच्या मळ्यातलं खतपाणी मात्र नवरा बघायचा, आणि तो पडला निवांत गडी. त्याला अर्धांगवायू झाला, वाचा गेली आणि मळा तिच्या अंगावर आला.

फळं धरली की पोटॅश खत द्यायचं, एवढं तिला ठाऊक होतं. खताच्या खोलीत हाताला आली ती लाल पोटॅशची गोणी तिने ओढली, ओंजळी भरभरून वेलींच्या बुडाशी टाकली आणि मोकळी झाली. विहिरीचं पाणी आधीच मचूळ, त्यात या लाल पोटॅशमधला खार. बघता बघता पानांच्या कडा करपल्या.

करपलेलं पान घेऊन ती खाटेशी आली. "अहो, हे माझंच काम. ओरडायचं तर ओरडा." बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. त्याने डाव्या हाताने पान चाचपलं. तोंडाचा एक कोपरा हलला. तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी नणंदेने भावाला चाकाच्या खुर्चीतून मळ्यात आणलं. साचलेला खार धुऊन जावा म्हणून त्याने खुणेनेच आधी भरपूर पाणी द्यायला लावलं. मग खताच्या खोलीतल्या मागच्या पांढऱ्या गोणीकडे बोट केलं. ते सल्फेटचं पोटॅश, मचूळ पाण्यातही वेलींना सोसणारं. तिने ते पिंपात ढवळलं, पण लवकर विरघळेना. तसंच ठिबकच्या नळीत सोडायला गेली, तर त्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"गाळ खाली बसू दे, वहिनी," नणंद म्हणाली. "मग फडक्यातून गाळून घे."

तेवढ्या वेळात दुसरं काम उरकावं म्हणून तिने कॅल्शियमचं खतही त्याच पिंपात ओतायला उचललं. आता थापांवर थापा पडल्या.

"दोन्ही एकत्र केलीस तर नळ्या चोंदतील. दादा वेगवेगळ्या दिवशी द्यायचा."

"मग मला आधी कोणी सांगितलं का नाही?"

"तू थांबलीस कधी ऐकायला?"

पुढे ती चरफडत का होईना, थोडं थोडं, अधूनमधून पोटॅश देत गेली. पहिली फळं पाणचट निघाली, मातीमोल गेली. नंतरच्या तोडणीतल्या फळांची सालीवरची जाळी मात्र दाट, गर केशरी. बांधावरच तिने एक चिरलं आणि बिया काढून फोड नवऱ्याच्या तोंडाशी धरली. रस हनुवटीवरून ओघळला, तिने पदराने पुसला. तो सावकाश चावत राहिला. गिळून झाल्यावर त्याने पुन्हा तोंड उघडलं. तिने दुसरी फोड कापली, आणि एक नणंदेच्या हातावर ठेवली.