शुद्धिपत्रकाकांचा पासवर्ड

विद्यापीठाच्या छापखान्यात त्यांना सगळे शुद्धिपत्रकाका म्हणत. काका होते मुद्रितशोधक. संशोधनाचं त्रैमासिक छापून, शिवून टपालात पडलं रे पडलं की काकांना त्यात एक तरी चूक दिसायचीच. आधी नाही, नंतरच. मग पुढच्या अंकात बोटभर कागदाचं शुद्धिपत्र जायचं: अमुक पानावर, अमुक ओळीत असे वाचावे. वाचक अंक उघडत, तो कागद खाली पडे आणि केरात जाई. काकांचा उभा जन्म असे कागद लिहिण्यात गेला, आणि दर कागदागणिक त्यांच्या जिवाला नवी चुटपुट लागली.

मग त्रैमासिक इंटरनेटवर गेलं. छपाईयंत्रं भंगारात निघाली आणि जुने सगळे अंक नव्याने टाइप होऊन पडद्यावर आले. टाइप करणाऱ्यांनी घातलेले घोळ निस्तरायला संपादकांनी निवृत्त काकांना परत बोलावलं. त्यांना एक खुर्ची दिली, एक संगणक दिला आणि पासवर्ड दिला. इथेच सगळं बिनसलं, पण त्या दिवशी ते कोणाच्या गावीही नव्हतं.

पहिल्याच दिवशी काकांनी एका जुन्या नकाशाखालचं चुकीचं साल गाठलं. या सालाने त्यांची कितीतरी वर्षं झोप उडवली होती. त्यांनी ते खोडलं, बरोबर साल घातलं आणि बटण दाबलं. चूक गेली. शुद्धिपत्र नाही, बोटभर कागद नाही, काही नाही. काकांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं. कोणी ओरडलं नाही. त्यांनी आणखी एक चूक काढली. तीही गेली. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. जिना चढताना ते चक्क शीळ घालत होते, आणि शेजारणीने दार उघडून पाहिलं तरी थांबले नाहीत.

"अहो, झालंय काय तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"माझ्या हातून आजवर जे जे निसटलं, ते सगळं दुरुस्त होणार. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मलाही कळणार नाही?"

"तुलाही नाही."

"मग अवघड आहे," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काकू त्याच विद्यापीठात ग्रंथपाल होत्या. सगळं पडद्यावर आलं, तेव्हा छापील अंक रद्दीत काढा आणि त्या जागी टेबलं मांडा, असा त्यांना वरून आदेश होता. काकू हो म्हणत आणि गठ्ठे या खोलीतून त्या खोलीत हलवत. अधिकारी पाहायला आले की मागची खोली भरलेली आणि पुढची रिकामी. त्यांना पुढचीच दाखवायची आणि चहा पाजून वाटेला लावायचं, यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

घरात तिसरी होती सून. मुलगा जहाजावर, कधीतरी उगवायचा. सून मुंग्यांवर पीएचडी करत होती, आणि तिचा अर्धा अभ्यास स्वयंपाकघराच्या ओट्यावर चाले. साखरेपर्यंत मुंग्यांची रांग लागली की ती मधलाच भाग ओल्या फडक्याने पुसायची आणि पाहत बसायची, मुंग्या भांबावतात की आठवणीने जुन्याच वाटेने जातात. ती परवानगी देईपर्यंत त्या घरात चहाला साखर मिळत नसे. काका कुरकुरत, पण पाहुणा आला की त्याला हात धरून ओट्यापाशी नेत. सुनेचं त्यांना भारी कौतुक.

आता यात मुंग्यावाले सर आले. ते केव्हाच वारले होते, पण मुंग्यांवरचा पहिला मोठा लेख त्यांचा आणि तो याच त्रैमासिकातला. त्यात एक वाक्य होतं: मुंग्या कदाचित जुनी वाट लक्षात ठेवतात. सरांना या 'कदाचित'चं वेड. पानोपानी तेच. काका ते पेन्सिलीने खोडत आणि सर प्रत्येक मुद्रितावर परत लिहीत. शेवटी काका चिडून त्यांच्या दारात गेले होते.

"सर, एकदाचं काय ते ठरवा. ठेवतात की नाही ठेवत?"

"मी मुंगीला विचारलेलं नाही," सर म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तेव्हा सर जिंकले. आता सर नव्हते आणि काकांकडे पासवर्ड होता. एके दिवशी तो लेख त्यांच्यापुढे उघडला आणि त्यांचे हात शिवशिवले. टाइप करणाऱ्यांची एकही चूक त्यात नव्हती. त्यांनी 'कदाचित' काढला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. शेतातलं तण उपटावं तसे सगळे उपटले आणि लेख कसा ताठ उभा राहिला. "बघा सर," काका पडद्याला म्हणाले आणि खुशीत दोन कप चहा प्यायले, तोही साखर घालून.

सुनेची तोंडी परीक्षा खुल्या सभागृहात होती. काका नवा सदरा घालून मागच्या रांगेत बसले, शेजारी काकू. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसला आणि सुनेचा प्रबंध उघडला.

"तुम्ही लिहिता, सरांना ही गोष्ट नक्की माहीत नव्हती, त्यांनी 'कदाचित' म्हटलं आणि ती शंका तुमच्या प्रयोगांनी मिटवली. मी काल त्यांचा लेख वाचला. त्यात 'कदाचित' नाही." त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर तो लेख उघडला. "सरांनी हे ठामपणे सांगून ठेवलंय. मग तुमचं नवीन काय? आणि त्यांच्या तोंडी नसलेला शब्द का घातलात?"

सुनेने पडद्याकडे पाहिलं. "सर, तो शब्द होता. मी स्वतः इथूनच उतरवून घेतला होता."

"छापील अंक पाहिला होता?"

"नाही सर. पडद्यावर होता तर कशाला, असं वाटलं."

तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कित्येक वर्षांची मेहनत, पुसलेले ओटे, बिनसाखरेचे चहा, सगळं पाण्यात चाललं होतं, आणि वर खोटेपणाचा डाग. काका गप्प बसले तर त्यांचा पासवर्ड राहणार होता. म्हातारपणी मिळालेलं एवढं मोठं सुख, आणि ते कोणाला कळणारही नव्हतं. त्यांनी शेजारी पाहिलं. काकूंना कळलेलं होतं. त्या उठल्या आणि बाहेर गेल्या.

काका उभे राहिले.

"ती खरं बोलतेय. शब्द होता. मी काढला."

"आपण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"मी शुद्धिपत्र," काका म्हणाले. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. "म्हणजे, मुद्रितशोधक. हिचा सासरा. सर जिवंत होते तेव्हा मला तो काढता आला नाही. आता पासवर्ड होता, म्हणून काढला. सरांचं बरोबर होतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. हिला माहीत आहे."

"सासऱ्याच्या शब्दावर मी कसा विश्वास ठेवू?"

तेवढ्यात काकू परत आल्या. केसांत कोळिष्टकं, पदराला धूळ, हातात मागच्या खोलीतला छापील अंक. त्यांनी पान उघडून परीक्षकांपुढे ठेवलं. परीक्षक वाचू लागले, वाचता वाचता हसू लागले आणि शेवटी म्हणाले, "किती वेळा लिहिलंय हो यांनी."

"मी तेच म्हणत होतो," काका म्हणाले, आणि सगळं सभागृह हसलं. सूनही हसली, डोळे पुसत. त्यानंतर परीक्षकांनी मुंग्यांबद्दल विचारलं ते सगळं तिने तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं आणि दुपारी ती डॉक्टर झाली.

काकूंच्या मागच्या खोलीला त्याच आठवड्यात रीतसर कुलूप आणि 'छापील अंक, जपून ठेवणे' अशी पाटी मिळाली. संपादकांनी काकांचे कान उपटले, पण पासवर्ड काढून घेतला नाही. फक्त नियम केला: छापून आलेल्या मजकुरात काहीही बदललं की काय बदललं ते त्याच पानाखाली लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं. म्हणजे शुद्धिपत्रच, फक्त केरात न जाणारं. काकांनी सगळे 'कदाचित' एकेक करून जागेवर बसवले आणि खाली लिहिलं: या लेखातून 'कदाचित' हा शब्द जागोजागी काढला गेला होता. तो परत ठेवला आहे. चूक लेखकाची नव्हती, माझी होती

बटण दाबल्यावर त्यांच्या लक्षात आलं, शेवटी पूर्णविराम द्यायचा राहिला. आधी नाही, नंतरच. हात पुढे गेला. पण नियमाप्रमाणे त्याच्याखाली आणखी एक शुद्धिपत्र लिहावं लागलं असतं. खुर्चीमागे उभी राहून सून सगळं पाहत होती.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "चला, आज ओटा मोकळा आहे. साखर घालून चहा करते."

काकांनी संगणक बंद केला आणि शीळ घालत तिच्यामागून निघाले. तो पूर्णविराम अजून तिथे नाही.