लालपाणी

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हती. तो गेला. मुलींना ठाऊक नाही. ज्या एका माणसाला ठाऊक होती त्यानं कधी तोंड उघडलं नाही, आणि आता तोही नाही. उरले मी. मी मेले की विषय मिटला — असं इतकी वर्षं मला वाटायचं. आणि खरं सांगते, बरं वाटायचं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही. चेंडू जाळीत गेला की गोल, एवढंच. पण आमच्या शुक्रवार पेठेतल्या पोरांचा संघ मैदानात उतरतो, तेव्हा मी अजून काठी टेकत जाऊन कट्ट्यावर बसते. वर लाल बनियन, खाली गुलाबी चड्डी. सोलापुरात निळे संघ झाले, हिरवे झाले, आले आणि मोडले. गुलाबी चड्डी घालून छाती काढून चालणारा संघ हा एकच. त्यांना लालपाणी म्हणतात. "लालपाणी आलं" असं कुणी म्हटलं की समोरची पोरं हसत नाहीत, गुमान बुटाची नाडी आवळतात.

बाहेरचा माणूस विचारतोच, हा कसला रंग? मग त्याला सांगतात — बहात्तरच्या दुष्काळात एका रंगाऱ्यानं हलका रंग लावून पोरांना फसवलं. पहिल्याच सामन्यात रंग अंगावरून वाहिला. लोक हसले, पण पोरांनी तोच रंग मिरवला. गोष्ट झकास आहे. पोरांबद्दलचं त्यातलं सगळं खरं आहे.

रंगाऱ्याबद्दलचं खोटं आहे. ते खोटं माझ्या तोंडचं आहे.

थांबा. आधी तो माणूस कोण होता ते सांगते.

मल्लेशम मामा. तेलुगू विणकरांपैकी. घराच्या मागच्या अंगणात त्याचा रंगखाना होता — दोन हौद, एक तांब्याचा हंडा, सूत वाळवायला बांबू. चादरीचं सूत रंगवायचा. मी लग्न होऊन मंद्रूपहून आले ती त्याच्याकडेच कामाला लागले. तो मला अम्मा म्हणायचा. त्यांच्यात लेकीलाही अम्मा म्हणतात. पेठेत बोललं जायचं, चादर फाटेल, पण मल्लेशमचा रंग जायचा नाही. लोकांना वाटायचं, रंगात काही तरी घालतो. काही घालत नव्हता. धुवायचा. सुतात मुरतो तेवढाच रंग आपला, वरचा सगळा पाण्यानं काढून टाकायचा, नितळ पांढरं पाणी येईपर्यंत. मग ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासून बघायचा. चिंधीला रंग लागला की पुन्हा हौदात. एवढंच त्याचं गुपित. आणि ते काम त्यानं माझ्या हातात दिलं होतं.

त्या वर्षी पाऊस नव्हता. नळाला कधी पाणी यायचं, कधी नाही. पेठेतल्या पोरांनी तेव्हाच नवा संघ काढला होता. मिलमध्ये जाणारी, मागावर बसणारी, हमाली करणारी पोरं. कप्तान दस्तगीर. त्यानं पांढऱ्या बनियनांचं गाठोडं आणून मामापुढं ठेवलं आणि म्हणाला, "मामा, लाल करके दो. ऐसा लाल, की लांबून दिसलं पाहिजे."

मामा म्हणाला, "रंग मी देतो. पाणी तुमी आणा."

पोरांनी आणलं. गावाबाहेरच्या विहिरीवरून, हातगाड्यावर पिंपं चढवून, भर उन्हात ढकलत. एकाच्या टाचेला काच लागली होती, तोही लंगडत ढकलत होता. दस्तगीरनं पिंपावर गोणपाट टाकलं आणि मला म्हणाला, "भाबी, संभालके. आता पुन्यांदा आणायची ताकद न्हाय कुणात."

मामानं बनियनं रंगवली. सुरेख लाल. तेवढ्यात त्याला मयतीला जायचा निरोप आला. जाताना म्हणाला, "अम्मा, धुवून टाक. तुला काय सांगायचं?"

मला काय सांगायचं. खरंच होतं ते.

आता तुम्हाला वाटेल, घरी तान्हं मूल असेल, सासू तहानेनं व्याकूळ असेल. तसं काही नव्हतं. पिण्यापुरतं पाणी घरात होतं. — मी अंघोळ केली. दार लावून घेतलं आणि पोरांनी आणलेल्या पाण्यानं न्हायले. कित्येक दिवस डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं, केसांच्या जटा झाल्या होत्या, अंगाला घामाचा आणि रंगाचा वास यायचा. शिकेकाई लावली. तांब्यामागून तांब्या ओतला. एकदा हात घातल्यावर थांबवेना. मग लुगडं धुतलं. आयुष्यात इतकं सुख मला फार वेळा मिळालेलं नाही, हे कशाला लपवू? तळाशी उरलं त्यात बनियनं एकदा बुचकळली, पिळली, बांबूवर टाकली.

तिन्हीसांजेला मामा आला. बनियनांकडे बघितलं. चिंधी घेतली नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही घेतली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "ओलं डोकं बांधून ठेवू नको अम्मा. सर्दी होईल."

सामना मिलच्या चाळीतल्या संघाशी होता. सगळी पेठ लोटली होती. आमची पोरं लाल बनियन, पांढऱ्या चड्डीत काय दिसत होती. बायका कौतुकानं बघत होत्या. मग ऊन तापलं, घाम फुटला. आधी मानेवर रेघा आल्या, मग दंडांवर, मग पांढऱ्या चड्ड्या गुलाबी व्हायला लागल्या. मधल्या सुट्टीत दस्तगीरनं डोक्यावर लोटाभर पाणी ओतलं आणि पायापर्यंत लाल ओघळ गेला. समोरच्यांतून कुणी तरी ओरडलं, "लालपाणी आलं रं, बादल्या आणा." दुसरा म्हणाला, "पोरास्नी काय देवी आल्या काय?" सगळं मैदान हसत होतं. तुम्ही कधी एवढी माणसं एकदम हसताना ऐकलीत? आपल्यामुळे?

पोरं खेळत राहिली. कुणी बनियन काढलं नाही. हरली, पण शेवटपर्यंत पळत होती.

सामना संपल्यावर पेठेतली माणसं मामाभोवती जमली. संघातल्या पोरांनी नाही, बाकीच्यांनी आवाज चढवला. कसला रंग घातला, फुकटचं काम म्हणून हलका घातला का? मामा गोंधळला होता. त्यानं एका बनियनाला बोट लावून बघितलं आणि माझ्याकडे वळला. "अम्मा, धुतलं होतं?"

मी म्हणाले, "धुतलं की मामा. पांढरं पाणी येईस्तोवर धुतलं."

सगळ्यांसमोर. एका दमात.

त्यानं माझ्या डोक्याकडे बघितलं. पदर होता, पण कपाळावरचे केस भुरुभुरु उडत होते. त्या दिवसांत पेठेत धुतलेले केस कुणा बाईचे होते? मी त्याला हिशेब जुळवताना बघितलं. मग तो लोकांकडे वळला आणि म्हणाला, "रंग माझा. चूक माझी."

का म्हणाला? मी लेकीसारखी म्हणून? का काम दिलं त्याची जबाबदारी म्हणून? मी कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कबूल करायचं.

पुढं पोरांनी जे केलं त्याला तोड नाही. एका व्यापाऱ्यानं नवी कोरी निळी बनियनं देऊ केली. दस्तगीर म्हणाला, "नाम तो पड गया सेठ, अब रंग कायकू छोडना?" तीच बनियनं, त्याच गुलाबी पडलेल्या चड्ड्या घालून पुढच्या सामन्याला गेली, स्वतःच "लालपाणी" असा ओरडा करत. जिंकायला लागली. चड्ड्या विरल्या तेव्हा शिंप्याला मुद्दाम गुलाबी कापड दिलं. ज्या गोष्टीवरून लोक त्यांना हसले तीच त्यांनी अंगावर घातली. मला तसं जमलं नाही.

मामाकडं सूत येईनासं झालं. हंडा विकला. दुसऱ्याच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला बसला, बायकांच्या रांगेत. मी विड्या वळायला लागले. रस्त्यात भेटला तर थांबायचा. "बरी हायस का अम्मा?" मी बरी होते.

गेल्या वर्षी संघाच्या कार्यक्रमात मला बोलावलं. त्या वेळची मीच उरले म्हणून. शाल दिली, नारळ दिला. भाषण करणाऱ्या पोरानं ती गोष्ट रंगवून सांगितली. म्हणाला, "त्या लबाड रंगाऱ्याचे आपण उपकारच मानले पाहिजेत." मंडप हसला. मामाचा मुलगा मागच्या रांगेत होता. तो हसला नाही. बापाची लाज वाटल्यासारखा हातातल्या पेल्याकडे बघत बसला. त्याच्या बापानं घरीही सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. माईक माझ्यापासून हातभर लांब होता.

मी टाळ्या वाजवल्या.

तर हे असं आहे. मल्लेशमचा रंग चांगला होता. तो धुतला नव्हता. पाणी मी अंगावर घेतलं.