आमच्या साडूंनी आखलेलं मॉरिशस

आमच्या साडूंइतका लवकर पोहोचणारा माणूस अख्ख्या पश्चिम उपनगरात आजवर झालेला नाही, आणि रस्त्यांची सध्याची अवस्था बघता पुढे होईल असंही वाटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भावोजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते राहतात बोरिवलीला, आणि निवृत्त होईपर्यंत अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघायचे. कुठला ट्रक किती वाजता सोडला म्हणजे कुठे कधी पोहोचेल, या एकाच विचारात त्यांचे केस आधी पिकले आणि मग गेले. त्यामुळे त्यांना किलोमीटर ही गोष्टच मान्य नाही. ठाणं किती लांब आहे, असं विचारलं तर ते म्हणतात, "दोन तास." आणि किलोमीटरमध्ये सांगा म्हटलं की चिडतात, "किलोमीटर सरकारला विचार. मला विचारशील तर दोन तास, आणि आत्ता निघालास तर अडीच."

या हिशोबाने ते घराबाहेर पडतात, आणि दैवाने एखाद्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला की पंचाईत होते. घाटकोपरला आमच्या एका भाच्याचं लग्न होतं. साडू हॉलवर पोहोचले तेव्हा आदल्या लग्नाची फुलं झाडायचं काम चाललं होतं. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी खुर्च्यांच्या रांगा लावून घेतल्या, आचाऱ्याला दोन सूचना केल्या, आणि वऱ्हाड आलं तोवर त्यांचा असा काही जम बसला होता, की मुलीचे काका त्यांनाच हॉलचे मॅनेजर समजून पंखे चालत नसल्याबद्दल झापून गेले. साडूंनी मुकाट्याने पंखे चालू करून दिले. आमच्याकडे मुलुंडला जेवायला बोलावलं तरी हेच. सकाळीच येतात, पण बोलावलेल्या वेळेआधी दार वाजवणं असभ्य, म्हणून खाली गाडीतच पेपर वाचत बसतात. आमचा वॉचमन त्यांना चहा नेऊन देतो. "वो बोरिवली वाले साब आए हैं, अभी ऊपर नहीं आएंगे," असं तो मला इंटरकॉमवर कळवतो, तेव्हा मी अजून दाढी करत असतो.

अशा माणसाने निवृत्तीनंतर मॉरिशसला जायचं ठरवलं, तेही तिथे गाडी भाड्याने घेऊन, स्वतः चालवत. बरोबर ताई, म्हणजे त्यांची बायको, मी आणि माझी बायको. ताईचा जीव खरं तर ग्रुप टूरमध्ये अडकलेला. परदेशात सकाळी कांदेपोहे, रात्री वरणभात, आणि ओळखीपाळखीच्या बायका. पण साडूंना दुसऱ्याच्या वेळापत्रकात बसणं म्हणजे अपमान वाटतो. शेवटी ताईने आमच्या सगळ्यांसमोर निक्षून सांगितलं, "ठीक आहे, या वेळी तुमचं ऐकते. पण हे फसलं ना, तर पुढच्या वर्षीपासून मी ग्रुप टूरने जाणार. एकटी. तुम्ही बसा घरी ट्रक मोजत." साडू हसले, पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. ताईने आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय कुठे जायची भाषा केली होती.

मग आखणी सुरू झाली. मॉरिशसला वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हे कळल्यावर निम्मी लढाई जिंकल्यासारखे ते खुलले. उरलेली निम्मी नकाशाशी होती. उत्तरेला ग्रँड बे, दक्षिणेला माहेबूर. मोबाईल म्हणायचा एक तास. साडू म्हणायचे, "मोबाईलला काय जातंय सांगायला! एक म्हणतोय म्हणजे अडीच धर. कुठेतरी खोदलेलं असणार, मेट्रोचं नाहीतर पाइपचं. एखादी मिरवणूक. एखादा मंत्री. वाटेत चहा. बायकांचं बाथरूम. पाच तास." आणि कबूल करतो, की आमच्यापैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळे उपनगरातलेच. माझी बायको तर म्हणाली, "भावोजी, सहा धरा." अशा रीतीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोरिवली ते खोपोली एवढंही न भरणारं ते बेट आमच्या साडूंनी सहा दिवसांवर पसरलं, आणि प्रत्येक मुक्कामाला वेगळं हॉटेल ठरवलं.

तिथे पोहोचल्यावर माहेबूरजवळच्या विमानतळापासून ग्रँड बेपर्यंत हॉटेलच्या गाडीने गेलो, तेव्हा साडू गाढ झोपले होते. नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याची पांढरी गाडी घेऊन, थेपले आणि पाण्याच्या बाटल्या भरून आम्ही निघालो. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना ऊस, आणि समोर कुणी नाही. साडूंच्या कपाळावर आठी पडली. "बंद तर नाही ना हा रस्ता?" ते म्हणाले. मी थेपल्याची पहिली घडी सोडतोय, तोच समोर पाटी आली: माहेबूर.

"हे ते नाही," साडू म्हणाले.

"अहो, पाटी आहे," ताई म्हणाली.

"नावं सारखी असतात गं! इतक्यात कसं येईल? आपण निघालोच आत्ता!"

आणि पाटी मागे पडली. मग आलेलं प्रत्येक गाव त्यांना खोटं वाटू लागलं. समुद्र डावीकडे दिसला, थोड्या वेळाने नाहीसा झाला, पुन्हा डावीकडेच आला. मोबाईल 'मागे वळा' म्हणून कंठशोष करत होता, त्यातला नकाशा त्यांनी बंद करून टाकला. शेवटी गाडी कडेला घेऊन त्यांनी भाड्याच्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या गाडीत बिघाड आहे."

"सर, गाडी बंद पडली का?" पलीकडची बाई घाबरून इंग्रजीत विचारत होती.

"बंद कुठे पडतेय! तीच तर तक्रार आहे. फार लवकर पोहोचवते."

मग तिने अत्यंत अदबीने विचारलं, "सर, तुम्हाला उशिरा पोहोचायचं होतं का?"

साडूंनी फोन ठेवला आणि गाडी पुढे काढली. डोंगर गेले, मिठागरं गेली. दुपारनंतर पोर्ट लुई आलं, जे सकाळीही लागलं होतं. साडू म्हणाले, "मोठं शहर आहे, पसरलेलं असणार. आपली मुंबई नाही का, दहिसरला सुरू होते ती संपतच नाही." मला शंका आली होती, पण इतकी मजा येत होती, की मी तोंड उघडलं नाही. ऊन उतरताना एक हॉटेल दिसलं. "वा! अगदी आपल्या कालच्या हॉटेलसारखंच आहे," साडू खूश होऊन म्हणाले. तेवढ्यात आतून सकाळी आम्हाला निरोप दिलेला मॅनेजर धावत आला आणि म्हणाला, "काही विसरलात का?"

सहा दिवसांचं मॉरिशस एका दिवसात संपलं होतं.

आम्ही उतरलो. साडू उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मी खिडकीशी गेलो, काहीतरी खवचट बोलायच्या तयारीत. ते म्हणाले, "बोरिवली ते अंधेरी किती किलोमीटर असेल रे?"

"असेल पंधरा-सोळा."

"एवढंच?" ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ताईला सांग, बघ म्हणावं त्या ग्रुप टूरचं." मी त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं.

रात्री जेवताना मी ताईला निरोप सांगितला. सकाळी मात्र ती आमच्या आधी तयार होऊन गाडीपाशी उभी. "चला. काल मी काही बघितलंच नाही. तुम्ही पाटीपाटीशी भांडत होतात. आज तोच रस्ता, पण सावकाश."

"आणि ते ग्रुप टूरचं?" साडूंनी हळूच विचारलं.

"बघू. दार उघडा आधी."

त्या दिवशी आम्ही मनाला येईल तिथे थांबलो. एका देवळाशी, एका भाजीवालीशी, आणि उसाच्या शेताशी तर काहीच कारण नसताना. ताई पुढच्या सीटवर बसून नारळाचं पाणी प्यायली, आणि दुपार झाली तशी खिडकीला डोकं टेकून झोपली. साडूंनी गाडी इतकी हळू केली, की मागची वाहनं वळसा घालून पुढे जाऊ लागली. माहेबूरची पाटी आली. या वेळी त्यांनी ती नीट वाचली, आरशातून माझ्याकडे बघितलं आणि तसेच पुढे निघाले.

"भावोजी, गाव गेलं," मी कुजबुजलो.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ताईची मान खिडकीवरून किंचित घसरली होती. ते डाव्या हाताने तिच्या ओढणीची घडी करून तिच्या गालाखाली सरकवू लागले, आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत पुटपुटले, "जाऊ दे. वेळ आहे."